सक्कू अत्या, तुझं कॅलेंडर छापायला गेलं

हे तुला वाचता येणार नाही, अत्या. तू असतीस तरी आलं नसतं. जन्मभर घरात मराठी बोललीस आणि लिहिलंस ते सगळं तमिळमध्ये. तंजावूरच्या मोठ्या देवळातल्या मराठी शिलालेखासमोर मला उभं करून एकदा म्हणाली होतीस, "वाच बघू. घरात तुला एकटीलाच येतंय." मी अडखळत दोन ओळी वाचल्या आणि तू शेजारच्या अनोळखी माणसाकडे असं बघितलंस की जणू तो लेख मीच कोरला होता. पुण्याला डिझाइन शिकायला गेले म्हणून मला ही अक्षरं येतात, आणि पुण्याहून आले म्हणून माझी मराठी तुला रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची. पण तुझ्याशी भांडले ती मराठीतच. अर्धं भांडण राहिलंय, तेही मराठीतच करते.

परवा तुझं तेरावं झालं. तू गेलीस त्या बुधवारी सकाळी नऊच्या आत तुझ्या गल्लीत बायका यायला लागल्या. नातेवाईक अजून कुंभकोणमहून निघालेही नव्हते. ओरत्तनाडूच्या बसमधून उतरून, राजवाड्याच्या बाजूनं विचारत विचारत आलेल्या या बायका. चपला गल्लीतच काढून दाराशी उभ्या. दादानं एकदोघींना विचारलं, आमच्या अत्याला तुम्ही कशा ओळखता? दोघींनी तेच सांगितलं, "तेरियुम." ओळखते. बास. कुठून, कधीपासून, कशासाठी, एकीनंही सांगितलं नाही, आणि एकमेकींनाही विचारलं नाही. दादाला ते विचित्र वाटलं. मला मात्र ते ओळखीचं वाटलं. तू तीस वर्षं खेड्यापाड्यांतून नर्सचं काम केलंस, त्यात कोणाकोणाचं काय पोटात ठेवलंस ते देव जाणे. आणि त्या सकाळी त्या सगळ्या तुझ्या दारात तेच करत होत्या. मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं.

माझ्या त्या पोस्टरपासून हे सगळं सुरू झालं. एका महिला संस्थेनं मला काम दिलं होतं: गर्भपात कायद्यानं करून घेता येतो, तो कुठं, केव्हापर्यंत आणि कोणाच्या संमतीनं, हे तंजावूरच्या आसपासच्या गावांतल्या बायकांपर्यंत चित्रांतून पोचवायचं. मी जीव ओतून पोस्टर केलं. गडद जांभळा रंग, पाठमोरी बाई, मोकळे केस, हातात तुटलेली साखळी. संस्थेच्या जयंती मॅडम खूश. मी ते कौतुकानं तुझ्या पुढ्यात पसरलं. तू चष्मा लावलास, खालपासून वरपर्यंत बघितलंस आणि विचारलंस, "हिचे केस कोणी सोडले? घरात कोण मेलंय काय?"

मला राग आला. तू त्याची फिकीर केली नाहीस. दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली घेऊन मला एका सरकारी दवाखान्यात नेलंस. माझं पोस्टर बायकांच्या बाकासमोर लावलेलं होतं. "बस," म्हणालीस, "आणि गप बघ." दहा ते एक आपण तिथं बसलो. बायका येत होत्या, पोस्टर बघून नजर काढून घेत होत्या. एकीनं तर समोरची जागा सोडली आणि बरोबर पोस्टरच्या खाली, त्याला पाठ लावून बसली. म्हणजे ती ते वाचते आहे असं कोणाला वाटायला नको. एका सासूनं सुनेला दंडाला धरून दुसऱ्या बाकावर बसवलं. तीन तासांत एकही बाई त्या पोस्टरसमोर थांबली नाही. वाटेत बसमध्ये तू एवढंच म्हणालीस, "तू पोस्टर नाही लावलीस, मैथू. चौकीदार बसिवलीस."

आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मी घरी येऊन रडले होते.

मग तू मला दर गुरुवारी ओरत्तनाडूला घेऊन जाऊ लागलीस. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी तुझा गुरुवार चुकत नव्हता. मुक्तांबाळ छत्राच्या, त्या जुन्या धर्मशाळेच्या, पलीकडे ते चिंचेचं झाड, त्याखाली तू पिशवी मांडीवर घेऊन बसायचीस, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी. बायका कचेरीतल्या कामाला आलेल्या असायच्या, बाजाराला आलेल्या असायच्या. त्यातली एखादी हळूच शेजारी टेकायची. एका गुरुवारची ती पिवळ्या साडीतली मुलगी मला आठवते. पाच मिनिटं तू तिच्याशी वांग्याच्या भावावर बोललीस. मग तिच्याकडे न बघता विचारलंस, "तलैक्कु कुळिच्चदु एप्पो?" डोक्यावरून न्हालीस ती केव्हा?

पाळी केव्हा आली असं तू कधीच विचारलं नाहीस. तारीख तर नाहीच. आपल्याकडेही आणि त्या तमिळ बायकांकडेही बाई तीन दिवस बाजूला राहते आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेते. ते न्हाणं तिच्या लक्षात राहतं, बाकी सगळं ती विसरायचा प्रयत्न करते. मुलगी म्हणाली, चित्तिरै महिन्यातल्या तमिळ नव्या वर्षाला ती देवघरात गेली नव्हती, नणंदेनं वडै कोपऱ्यात आणून दिली होती, दुसऱ्या दिवशी न्हाली. तुझा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकला. "सहा आठवडे, दोन दिवस," तू म्हणालीस. "वेळ अहे. घाबरू नोको." तू सांगितलेल्या दिवसापासून मी फोन काढून मोजलं. सहा आठवडे, दोन दिवस.

अत्या, मी त्या चिंचेखाली थक्क झाले होते. पुण्यात मला मोठ्या मोठ्या लोकांनी शिकवलं, माणसाला समजेल अशी माहिती कशी मांडावी म्हणून. त्यातल्या एकालाही तुझ्यासारखं जमलं नसतं. अख्खं वर्ष तुझ्या डोक्यात सणांनी आखलेलं होतं. बाई कुठल्याही सणाजवळ येऊन उभी राहिली की तू तिला आजपर्यंत चालवत आणायचीस. तिला एकही लाजिरवाणा शब्द उच्चारावा लागायचा नाही. ती मुलगी उठून गेली तेव्हा तिच्या चालण्यात फरक पडलेला मी डोळ्यांनी बघितला.

कॅलेंडर त्याच आठवड्यात सुचलं. तुझ्या स्वयंपाकघरात, खिळ्यावर टांगलेलं, रोज एक पान फाडायचं ते. तू सकाळी दिवा लावून कालचं पान फाडलंस आणि त्या पानानं फणीतले केस काढून ते चुरगाळलंस. मी विचारलं, सगळ्या घरांत पान बाईच फाडते का?

"आणि कोण? पुरुष पुढं बघतो, राहुकाल बघतो आणि जातो. मागं काय अहे ते कोण बघतंय?"

मी ते चुरगाळलेलं पान उचलून सरळ केलं आणि उलटलं. कल्पना कोणाची, यावर आपलं कधीच एकमत झालं नाही. संस्थेला मी माझी म्हणून सांगितली. इथं खरं लिहिते, तुझी होती.

आणि ती खरोखर साधी होती. कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर एरवी पाककृती नाहीतर सुविचार छापतात. आपण तिथं दोन तारखा छापायच्या. आज ज्या बाईचे नऊ आठवडे भरले ती कोणत्या दिवशी न्हाली होती, आणि जिचे वीस भरले ती कोणत्या दिवशी. तारखेशेजारी जवळचा सण. बाईनं काही मोजायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. सकाळी पान फाडायचं, उलटायचं, आपण अलीकडे आहोत की पलीकडे ते बघायचं. नऊपर्यंत डॉक्टर गोळ्या देऊ शकतात, वीसपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं होतं, त्यानंतरही काही जणींना मिळतं, तेव्हा घरी बसू नको, विचार. खाली संस्थेचा फोन. मग पान फणीचे केस काढून टाकून द्यायचं. घरातल्या घरात, खिळ्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि कोणालाच न दिसणारं. आजवर मी केलेल्या कामांत हे एकच मला चांगलं वाटतं.

ते मी पहिल्याच फटक्यात चुकवलं, हेही लिहायला हवं. नऊ आठवडे म्हणजे त्रेसष्ट दिवस. मी संगणकाला सांगितलं, प्रत्येक पानावर त्रेसष्ट दिवस मागची तारीख टाक. तीनशे पासष्ट पानं सरळ पडली. मी छापील गठ्ठा तुझ्यापुढं ठेवला. तू झोपाळ्यावर बसून पहिलं पान हातात घेतलंस, अंगठा पेरांवर फिरवलास, पुन्हा फिरवलास.

"तीन दिवस कोठ गेले?"

"कुठले तीन?"

"न्हाण्याच्या आधीचे. ती त्रेसष्ट दिवसांमागं न्हाली असंल तर तिचे आज सहासष्ट झाले. तू इथं 'आजच नऊ भरले' मणून लिहिलीस. ती गोळ्या मिळतील मणून जाईल, आणि डॉक्टर तिला सांगेल, उशीर झाला."

मी ते पान परत हातात घेतलं. डॉक्टर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि आपल्या बायका न्हाण्यापासून. हे मी लहानपणापासून बघत आलेली बाई, आणि हे तीन दिवस माझ्या डोक्यातून पार गळून गेले होते. तीनशे पासष्ट पानं, प्रत्येक पान तीन दिवस खोटं. तू ओरडली नाहीस. "साठ घाल," म्हणालीस. मी साठ घातले, आणि विसांचेही तसेच दुरुस्त केले. मग तू एक एक पान बोटांवर तपासलंस. चार दिवस लागले. मधे कॉफी, मधे डांगर पच्चडी आणि भात, मधे मला टोमणे. ऑक्टोबरमधली दोन पानं तू बाजूला काढलीस. संगणक बरोबर आणि तू चूक असं मी पैजेवर सांगितलं. माझ्या तक्त्यातल्या एका खान्यात चूक निघाली. त्यानंतर मी तुझ्याशी पैज लावली नाही.

पण भांडले. ती ओळ तूच सुचवलीस: "सही तुझी एकटीची पुरते." अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही, बापाची नाही, सासूची नाही. कायदा झाला तेव्हापासून लागत नाही. मी ती तळाशी, फोनच्या वर, लहान अक्षरात घातली. तुला ती सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठी हवी होती.

माझं म्हणणं काही मूर्खपणाचं नव्हतं, अत्या. तारखा कोणी बघितल्या तरी कोणाला कळत नाही. ही ओळ कळते. नवऱ्यानं एक दिवस पान उलटलं आणि एवढ्या मोठ्या अक्षरात ती वाचली, तर तो अख्खं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवेल. मग तारखाही गेल्या. जयंती मॅडमचं तेच म्हणणं होतं. तू म्हणायचीस, "उतरवू दे. तोवर ती वाचली असंल." मी म्हणायचे, "आणि मार खाईल ती?" त्यावर तू झोपाळ्याला पाय मारायचीस, पण हटायची नाहीस. महिनाभर चाललं हे. मी मापानं अक्षर वाढवून आणायचे, तू बघून मान हलवायचीस.

मग तो शुक्रवार. मी वैतागून विचारलं, "एवढी का अडून बसलीस? कोणाची सही नडली तुला?"

"तुझ्या आईची," तू म्हणालीस.

झोपाळा थांबवून सांगितलंस. आईला ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत टायपिस्टची ऑर्डर आली होती. दादा चार वर्षांचा होता. दोन्ही भाषांच्या टायपिंगच्या परीक्षा आई पहिल्या वर्गात पास झाली होती, हे मला माहीत होतं; ऑर्डर आली होती हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच वेळी तिला दिवस गेले. ती घरात न सांगता, एकटी, बस पकडून तुझ्या दवाखान्यात आली. तिला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. तू तिला फॉर्म दिलास आणि म्हणालीस, नवऱ्याची सही आण.

"तिथं सगळे तसंच सांगायचे. मला वाटलं, नियम अहे. आणि माझाच भाऊ तो. देईल सही, मणून वाटलं."

माझ्या अप्पांनी फॉर्म वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि रसम वाढ म्हणाले. ऑर्डरची मुदत संपली. मी झाले.

"सात वर्षांनी एका ट्रेनिंगला गेले, तिथं एक डॉक्टरीण सांगून गेली, नवऱ्याची सही कधीच लागत नव्हती मणून. मी तिथनं तडक वहिनीकडं आले, तिला सांगटलं. ती मणाली, कॉफी घेतीस काय?"

त्यानंतर तू कोणत्याही बाईकडे दुसऱ्याची सही मागितली नाहीस. त्यापायी तीनदा बदली झाली, त्याचं कारण आम्ही पोरं तुझा तापट स्वभाव समजत होतो.

मी विचारलं ते मला आठवतं, आणि ज्या आवाजात विचारलं तो आवाजही. "म्हणजे तू तेव्हा बरोबर वागली असतीस, तर मी नसते."

"नसतीस," तू म्हणालीस.

दुसऱ्या कोणीही काहीतरी गोड जोडलं असतं. देवाची इच्छा, किंवा तसलं काही. तू माझ्याकडे सरळ बघत राहिलीस. मला सायकल शिकवलेली तू, माझ्या पहिल्या पाळीला मला मांडीवर घेऊन बसलेली तू, पुण्याच्या गाडीत बसवताना सगळ्या स्टेशनासमोर हमसून रडलेली तू. "तू आलीस ते मला चोखोट वाटलं," तू म्हणालीस. "तुझ्या आईला विचारलं नाही ते मी वाईट केलं. दोन्ही खरं अहे, मैथू. एकानं दुसरं पुसत नाही."

मी कॉफी तशीच ठेवून उठले. अकरा दिवस तुझ्याकडे आले नाही. दोन गल्ल्या सोडून राहते मी. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. बाराव्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला.

मी त्या अकरा दिवसांत काय केलं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. मी ती ओळ पानावरून काढून टाकली. लहानसुद्धा ठेवली नाही. स्वतःला सांगितलं की डिझाइन मोकळं दिसतं. खोटं होतं ते. मला भीती वाटत होती. ती ओळ खरी असेल तर मी एका चुकीतून आलेली आहे, आणि तू ती चूक तीनशे पासष्ट वेळा मोठ्या अक्षरात छापायला निघाली होतीस. माझ्या हातानं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि मला जरा शांतपणे विचार करता आला, तेव्हा मला तुझं खरं मोठेपण कळलं. अत्या, मी चौतीस वर्षं तुझ्या डोळ्यांसमोर वावरले. पुण्याची वर्षं सोडली तर रोज. मला बघितलं की तुला तो फॉर्म आठवत असणार. माणूस अशा वेळी दोनातलं एक करतो. एक तर चूक झाकतो, म्हणतो, बघा, सगळं चांगलंच झालं की. नाहीतर जिच्यामुळं ती आठवते तिला दूर ठेवतो. तू मला छातीशी धरलंस आणि चुकीला चूकच म्हणत राहिलीस, माझ्याकडे बघून म्हणालीस. एवढं बळ कुठून आणलंस? मी देवळात गेले की मान वर करून शिखर बघते, तशी आता तुझ्या झोपाळ्याकडे बघते. मला अजून पुरतं कळलेलं नाही तू काय होतीस.

शिवकाशीच्या छापखान्याचा फोन आला. हंगाम आहे, आज मंजुरी द्या नाहीतर नंबर मागं जाईल. मी दोन प्रूफं काढली. एकावर ओळ तळाशी, लहान. दुसऱ्यावर तुला हवी तशी. ती घेऊन आईकडे गेले.

आई मुरुंगैचा, म्हणजे शेवग्याचा, पाला निवडत होती. मी तिला तुझ्या शुक्रवारबद्दल काही विचारलं नव्हतं, तिनंही मला काही सांगितलं नव्हतं. तिनं पदराला हात पुसले, दोन्ही कागद खिडकीपाशी नेऊन वाचले. मग तारखाही वाचल्या.

"सक्कूला कुठलं पाहिजे होतं?"

"हे. मोठं."

"आणि तुला?"

मी लहान अक्षराच्या कागदाकडे बोट नेलं आणि मागं घेतलं. मग जे विचारायचं नव्हतं तेच तोंडून गेलं. "मी तुला नको होते का, आई?"

ती परत पाल्यापाशी येऊन बसली. "तू कोण ते तेव्हा कोणाला ठाऊक होतं?" ती म्हणाली. "मला कचेरीत जायचं होतं, तेवढं ठाऊक होतं. तू आल्यावर तू हवी झालीस. त्याला मी काय करू?" आणि पाल्याची पुढची काडी उचलून, अगदी रोजच्या आवाजात, "त्या फॉर्मवर माझ्या सहीची पण जागा होती. तेनि दोघं बहीणभावांनीच ठरवलं. मला कोणी पेन दिलंच नाही."

अत्या, तू तिला सात वर्षांनी सांगायला गेलीस तेव्हा ती कॉफीचं विचारून का थांबली, ते मला तेव्हा कळलं. तिला आणखी काय म्हणायचं होतं ते ऐकायला तू थांबायला हवी होतीस. हे एक भांडण माझं तुझ्याशी राहिलंय. तुझी चूक तू आम्हा सगळ्यांपेक्षा मोठी करून बघितलीस, आणि त्यात आईला पुन्हा एकदा विचारायचं राहून गेलं. महिनाभर ओळीच्या मापावरून भांडणाऱ्या आपण दोघी, तिच्याच ओळीवरून, आणि ती दोन गल्ल्यांवर पाला निवडत बसलेली.

मी पर्समधून पेन काढून तिच्यापुढं धरलं. छापखान्याला प्रूफवर कोणाची तरी मंजुरीची सही लागते, एवढंच सांगितलं. तिनं लहान अक्षराचा कागद घडी करून बाजूला ठेवला. मोठा कागद मांडीवर सपाट केला आणि तमिळमध्ये, शाळेतल्यासारखं एक एक अक्षर सुटं, पूर्ण नाव लिहिलं. खाली तारीख घातली.

मी तिथूनच फोटो पाठवला. दहा मिनिटांत छापखान्यातल्या माणसाचा फोन आला. मॅडम, सही तुमची नाही ही. कोणाची आहे? हिची चालेल का?

मी आईकडे बघितलं आणि त्याला सांगितलं, हिचीच लागते. छापा.